मनगटावरचं घड्याळ आणि कोकणातला पाऊस

मे महिन्यात घड्याळ मनगटावरून काढून उलटं केलं की मागच्या झाकणाच्या कडेने हिरवट-काळी, चिकट रेघ दिसते. आमच्याकडे सगळे तिला मळ म्हणतात आणि पदराने किंवा रुमालाने पुसून घड्याळ पुन्हा घालतात. त्या रेघेत घाम आहे, कातडीचे सुटलेले कण आहेत, साबण आहे. आणि त्यातलं जे हिरवं दिसतं ते केसचं, म्हणजे मशीनभोवतीच्या धातूच्या कवचाचं, पितळ आहे. म्हणजे घड्याळाचंच अंग घामात थोडंथोडं विरघळून बाहेर येत असतं.

मी चिपळुणात राहते, शाळेत विज्ञान शिकवते आणि रोज चावीचं घड्याळ घालते. घड्याळाची निगा म्हटलं की लोक विचारतात, "ऑइलिंग किती वर्षांनी करायचं?" प्रश्न बरोबर आहे, पण आमच्या हवेत तो दुसऱ्या क्रमांकाचा आहे. इथे घड्याळाचं मशीन आपणहून क्वचितच बिघडतं. त्याला मारते ती बाहेरून आत शिरलेली ओल. ती शिरते तीन वाटांनी: मागचं झाकण, काच आणि चावी. या तीन वाटा सांभाळल्या तर आतलं मशीन वर्षानुवर्षं निमूट चालतं. ऑइलिंग वेळेवर केलं आणि चावीपाशी फट राहिली, तर एका पावसाळ्यात सगळं पाण्यात जातं.

मोबाइल असताना घड्याळ कशाला, असं मला स्टाफरूममध्येही विचारतात. दहावीच्या परीक्षेला पर्यवेक्षक म्हणून वर्गात उभं राहिलं की उत्तर आपोआप मिळतं. मोबाइल बाहेर ठेवलेला असतो. भिंतीवरचं घड्याळ असलं तर चालू असेलच असं नाही. शेवटच्या अर्ध्या तासात मुलं मान वर करून पर्यवेक्षकाच्या मनगटाकडे बघतात. त्या वेळी मी जो आकडा सांगते त्यावर एखादं पोर शेवटचं गणित सोडवायला घेणार की नाही हे ठरतं. माझं घड्याळ मिनिटभरही चुकलेलं मला चालत नाही ते यामुळे.

घड्याळ माझ्या वडिलांचं, अण्णांचं. एचएमटीचं जनता. अण्णा पोस्टात होते, आणि पोस्टात वेळेला किंमत होती. ज्यांना ही कंपनी फक्त नावाने माहीत आहे त्यांच्यासाठी सांगते: एचएमटीने १९६१ साली जपानच्या सिटिझन कंपनीच्या सहकार्याने बंगळूरला घड्याळांचा कारखाना काढला. त्यानंतरच्या दोन-तीन दशकांत लग्नात जावयाला, निवृत्तीला साहेबांना आणि दहावी पास झालेल्या मुलाला हेच घड्याळ मिळायचं. जानेवारी २०१६ मध्ये केंद्र सरकारने घड्याळांची ही कंपनी बंद करायचा निर्णय घेतला. जनता हे त्यातलं सगळ्यात साधं घड्याळ: हाताने चावी द्यायची, १७ ज्वेल (म्हणजे चाकांचे आस झिजू नयेत म्हणून बसवलेले बारीक खडे), तारीख नाही, वार नाही. सेकंदाला पाच ठोके. म्हणजे दिवसाला ४,३२,००० ठोके आणि वर्षाला १५ कोटींहून जास्त. इतके ठोके ज्या दातेरी चाकांवर पडतात त्यांच्या आसांची टोकं केसासारखी बारीक आहेत, आणि त्यांना जपायला प्रत्येकी टाचणीच्या टोकावर मावेल इतकंच तेल आहे. हे एकदा नीट कळलं की घड्याळ हाताळायची पद्धत आपोआप बदलते.

तर आधी घाम. आमच्याकडे मार्चपासून जूनपर्यंत मनगट कोरडं राहतच नाही. शाळेतून आले की घड्याळ काढून मऊ सुती कापडाने मागचं झाकण, कडा आणि पट्ट्याची आतली बाजू पुसायची, बस. आठवड्यातून एकदा पट्टा काढते आणि दात घासायच्या मऊ, जुन्या ब्रशने केसचे कोपरे झाडते. पट्टा जिथे अडकतो त्या खाचांत सगळ्यात जास्त घाण साचते, आणि तिथेच पट्ट्याची बारीक स्प्रिंगची पिन बसलेली असते. घड्याळ हातातून पडून फुटतं ते बहुतेक वेळा ही पिन गंजून तुटल्यामुळे. पिन काही रुपयांची आहे. पट्टा बदलताना दोन्ही पिना नव्या घालून घ्या, जुन्या चांगल्या दिसत असल्या तरी.

ब्रश कोरडाच वापरायचा. जुन्या एचएमटीला साबण-पाणी लावायचं नाही. आणि केस चकचकीत करायच्या मोहात पडायचं नाही. जनताची केस पितळेची, वरून क्रोमचा मुलामा. मागचं झाकण तेवढं स्टीलचं. पॉलिशने घासलं की मुलामा जातो, खालचं पितळ उघडं पडतं आणि घाम त्यावर दुप्पट वेगाने काम करतो. काच घासली तर चालते. जुन्या एचएमटीची काच काच नसून ॲक्रिलिक असते, तिला चरे लवकर पडतात पण निघतातही. केसच्या कडेला कागदी चिकटपट्टी लावायची, सुती कापडावर मुगाच्या दाण्याएवढं ब्रासो घ्यायचं आणि हलक्या हाताने गोल गोल घासायचं. खरखरीत दंतमंजन नको, त्याने नवे चरे पडतात. हल्लीच्या घड्याळांची खरी काच असते, तिच्यावर या घासण्याचा काही उपयोग नाही. ॲक्रिलिकला सॅनिटायझर चालत नाही, हेही सांगून ठेवते. त्यातल्या अल्कोहोलने काचेत बारीक बारीक तडे उमटतात, आणि ते कशानेही जात नाहीत. करोनाच्या काळात हात सॅनिटायझ करताना घड्याळावरूनही फवारा मारणारे कितीतरी लोक मी पाहिले.

चामड्याचा पट्टा मला आवडतो, पण जूनच्या पहिल्या सरीला तो उतरवते आणि नायलॉनचा चढवते. पावसाळ्यात चामडं वाळतच नाही, त्यावर पांढरी बुरशी धरते आणि वास मारतो. नायलॉनचा रात्री धुऊन पंख्याखाली टाकला की सकाळी तयार. चामड्याचा पट्टा चार महिने वर्तमानपत्रात सैल गुंडाळून ठेवते, प्लास्टिकच्या पिशवीत नाही. गणपतीला मोदक उकडताना, मासे साफ करताना, नारळ खवताना घड्याळ हातात नको. स्वयंपाकघराबाहेर खिळा मारला आहे, त्यावर ते टांगलेलं असतं. गॅसजवळच्या फळीवर ठेवलं तर वाफ थेट काचेखाली जाते.

आता काचेखालच्या वाफेबद्दल. हा माझ्या विषयाचाच भाग आहे, म्हणून थोडं सविस्तर सांगते. तापमान ३० अंश सेल्सियस असेल आणि हवा ओलीने पूर्ण भरलेली असेल, तर एक घनमीटर हवेत सुमारे ३० ग्रॅम पाण्याची वाफ मावते. जुलैतलं चिपळूण साधारण असंच असतं. घड्याळाच्या आत जेमतेम घनसेंटिमीटरभर हवा असते, म्हणजे वाफ एका मिलिग्रॅमच्या तीन शतांशाइतकी. नगण्य वाटते. पण हेच घड्याळ घालून तुम्ही बँकेच्या एसीत शिरलात, काच २४ अंशांना आली, की त्या तापमानाला हवेत २२ ग्रॅमच्या आसपासच वाफ टिकते. उरलेली काचेच्या आतल्या बाजूला धुक्यासारखी बसते. बाहेर आलं की ते धुकं जातं आणि माणूस म्हणतो, गेलं, बरं झालं. ते गेलेलं नसतं. ते आतच फिरत असतं, आणि जिथे स्टील आहे तिथे गंजाचा पहिला ठिपका पडतो. तो बहुधा चावीच्या दांडीवर आणि तिच्या शेजारच्या बारीक स्प्रिंगवर असतो, कारण ती वाट सगळ्यात जवळची. काचेखाली धुकं एकदा दिसलं तरी घड्याळ उघडून घ्यायचं. दुसऱ्यांदा दिसायची वाट बघायची नाही.

घड्याळ तांदळात पुरून ठेवायचा उपाय घरोघरी करतात. विचार करून बघा. झाकण बंद असेल तर आतली वाफ तांदळापर्यंत जाणार कुठून? आणि जाण्याइतकी फट असेल तर तांदळातून काढल्यावर तीच फट नवी वाफ आत घेणार. तांदूळ फार तर पट्टा कोरडा करेल.

घड्याळाच्या पाठीवर ३० मीटर असं कोरलेलं असतं, त्यावरून फसगत होते. त्याचा अर्थ ३० मीटर खोल पोहता येतं असा नाही. ३० मीटर खोल पाण्याचा जो स्थिर दाब असतो, तेवढा दाब नव्या घड्याळाला सोसतो, एवढाच तो दावा. हात धुताना उडालेलं पाणी, रिक्षातून उतरताना लागलेली सर, इतपत त्यात बसतं. नळाखाली धरणं, आंघोळ, समुद्र यात नाही. गुहागरला समुद्रात उतरायचं असेल तर १०० मीटरवालं घड्याळ लागतं, आणि त्याचीही चावी नीट आत बसलेली असायला हवी. हे आकडे नव्या गॅस्केटचे असतात, हेही लक्षात ठेवा. गॅस्केट म्हणजे झाकणाखालचं रबराचं बारीक कडं. घाम, साबण आणि गरम पाण्याने ते कडक होतं, चपटं होतं आणि शेवटी त्याचे तुकडे पडतात. पाच वर्षांपूर्वी घेतलेलं ५० मीटरचं घड्याळ आज ५० मीटरचं आहे असं कोणी धरून चालू नये. ओल्या हाताने चावी ओढू नका, बटणं दाबू नका. चावी ओढली की पाण्याला वाट उघडी.

हे सगळं मी इतक्या आग्रहाने सांगते, कारण पाणी घड्याळाच्या आत काय करतं हे मी भिंगातून पाहिलेलं आहे.

२२ जुलै २०२१. वाशिष्ठीचं पाणी चिपळूणच्या बाजारपेठेत शिरलं आणि चढतच गेलं. माझ्या भावाचं घर त्या भागात, तळमजल्यावर. अण्णांना घेऊन सगळे वर शेजाऱ्यांकडे गेले, माणसं सुखरूप राहिली. अण्णांचं घड्याळ त्यांच्या लिहायच्या टेबलाच्या खणात होतं. पाणी ओसरल्यावर घरात गुडघाभर चिखल होता. टेबलाचं लाकूड इतकं फुगलं होतं की खण निघेना. भावाने पहारीने तो फोडला तेव्हा पासबुकं, पेन्शनची कागदपत्रं आणि घड्याळ असा एकच गोळा बाहेर आला. काचेच्या आत चिखलाचं पाणी डुचमळत होतं. काटे दिसत नव्हते.

वीज नव्हती, फोन लागत नव्हता. मी घड्याळ घेऊन चालत आमच्या घड्याळजींकडे, चाचांकडे गेले. त्यांचं दुकान बाजारातच, टेबल आणि दोन खुर्च्या मावतील एवढं. तेही पाण्याखाली गेलं होतं. चाचा पायरीवर बसून चिमटे आणि स्क्रू ड्रायव्हर एकेक करून धूत होते. लोकांनी दुरुस्तीला दिलेली घड्याळं एका परातीत मांडली होती. मी म्हटलं, "चाचा, आधी तुमचं आवरा, हे नंतर बघू." त्यांनी हात पुढे केला. "नंतर नाही बाई. हे आत्ताच. उन्हात तर नाही ना ठेवलं?" नव्हतं ठेवलं. "बरं केलंत. वाळलं असतं तर गेलं असतं."

त्यांनी मागचं झाकण तिथेच उघडलं. बाटलीतल्या स्वच्छ पाण्याने गाळ धुतला, काच काढली, काटे आणि डायल वेगळी केली आणि अख्खं मशीन रॉकेल भरलेल्या बरणीत सोडून झाकण लावलं. परातीतल्या चावीच्या घड्याळांचंही ते तेच करत होते. स्टीलला गंज चढायला पाणी आणि हवा दोन्ही लागतात. ओलं स्टील हवेत ठेवलं की काही तासांत तांबूस होऊ लागतं. रॉकेलात बुडवलं की हवा तुटते, आणि घड्याळजीला वेळ मिळतो. मी वर्गात गंजाचा प्रयोग दरवर्षी दाखवते: तीन परीक्षानळ्यांत तीन खिळे, त्यातल्या एकात उकळून थंड केलेलं पाणी आणि वर तेलाचा थर. चाचांची बरणी म्हणजे तोच प्रयोग.

घड्याळ हातात आलं ते दिवाळीच्या सुमारास, दुकान पुन्हा उभं राहिल्यावर. त्याआधी चाचांनी मला बोलावून भिंगातून एकेक भाग दाखवला होता. पितळी पट्ट्या आणि चाकं धुतल्यावर जवळजवळ नव्यासारखी निघाली. चावीची दांडी तांबडी, तिच्याजवळची स्प्रिंग तुटलेली. मेनस्प्रिंगवर, म्हणजे चावी दिली की गुंडाळली जाते त्या मुख्य स्प्रिंगवर, ठिपके. हेअरस्प्रिंग, जी श्वासासारखी उघडमीट करते, तिच्या दोन वेढ्यांमध्ये गाळाचा कण रुतून गंजला होता. बॅलन्स व्हील, म्हणजे तिच्या जोरावर मागेपुढे फिरून ठोके पाडणारं चाक, हेअरस्प्रिंगसकट बदलावं लागलं. सुटे भाग नवे कुठे मिळणार? चाचांनी भंगारातून घेतलेल्या दुसऱ्या एचएमटीतून ते काढले. एचएमटीने तेच मशीन कितीतरी नावांच्या घड्याळांत घातलं, त्यामुळे एकाचा भाग दुसऱ्याला बसतो. आज कारखाना बंद असूनही ही घड्याळं दुरुस्त होतात ती याच कारणाने. त्यांच्या पुतण्याचं शेजारी मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे. हेअरस्प्रिंग बसवायचं काम चाचांनी त्याच्या मायक्रोस्कोपखाली केलं. आता नाजूक काम ते तिकडेच करतात आणि म्हणतात, हे आधी मिळालं असतं तर डोळे वाचले असते.

डायल राहिली. तिच्यावर चारपासून आठपर्यंत चंद्रकोरीच्या आकाराचा तपकिरी डाग आहे. भावाचं म्हणणं, रंगवून घेऊ, नवीसारखी होईल. मी ठाम नको म्हटलं. बाजारात आणि ऑनलाइन अशी रंगवलेल्या डायलची एचएमटी ढिगाने मिळतात. जमवणारे लोक त्यांना मुंबई स्पेशल म्हणतात: लाल, पोपटी, निळ्या डायली, ज्या कंपनीने कधी काढल्याच नाहीत, आणि आत चार घड्याळांचं मिळून एक मशीन. जुनी एचएमटी विकत घेणार असाल तर डायल फार टवटवीत दिसली की सावध व्हा. अक्षरांच्या कडा भिंगातून बघा. रंगवलेल्या डायलवर अक्षरं जाड आणि फुटकी असतात, आणि मिनिटांच्या रेघा काट्याशी जुळत नाहीत. आमच्या डायलवरचं मूळ अक्षर अजून रेखीव आहे. अण्णांनी ती बघितली आणि म्हणाले, "वेळ दिसतेय ना? मग झालं." घालायला मात्र ते माझ्याकडे दिलं.

चावी रोज सकाळी, चहा ठेवला की. घड्याळ हातातून काढून चावी द्यायची. मनगटावर असताना दिली की बोट तिरकं पडतं, दांडीवर आडवा जोर येतो आणि दांडीभोवतीची भोकं रुंदावतात. मग ओलीला पुन्हा वाट. हाताला अडल्यासारखं लागलं की थांबायचं. चावी जास्त दिली म्हणून घड्याळ बिघडलं असं लोक म्हणतात, पण पूर्ण चावी देणंच योग्य आहे, अडल्यावर जोर करणं वाईट. वेळ ठरलेली असावी, कारण स्प्रिंग पूर्ण भरलेली असताना आणि उतरत आलेली असताना चाल थोडी वेगळी असते. ज्यांच्या घड्याळात तारीख आहे त्यांनी रात्री नऊ ते पहाटे तीन या वेळात तारीख हाताने बदलू नये. त्या वेळात तारखेचे दाते एकमेकांत गुंतलेले असतात, ते मोडतात.

दिवसाचे ८६,४०० सेकंद असतात. माझं घड्याळ त्यात वीसेक सेकंद पुढे जातं. चावीच्या जुन्या घड्याळाला हे उत्तम आहे. त्यातलेही काही मी रात्री परत घेते. घड्याळ उताणं ठेवलं की ते पुढे जातं, चावी वर करून कुशीवर उभं ठेवलं की थोडं मागे पडतं. बॅलन्स व्हीलचा आस उभा आहे की आडवा यावर घर्षण बदलतं, म्हणून असं होतं. प्रत्येक घड्याळाची ही खोड वेगळी असते. काही रात्री आलटून पालटून ठेवून बघा आणि वहीत लिहा, आपल्या घड्याळाची खोड कळते. मग परीक्षेच्या दिवसांत मागचापुढचा काटा मशीन न उघडता सांभाळता येतो.

घड्याळ अचानक दिवसाला कित्येक मिनिटं पुढे जायला लागलं तर मशीन बिघडलं असं समजू नका. आधी चुंबक आठवा. मोबाइलच्या कव्हरला, पर्सच्या बटणाला, स्पीकरला, सगळीकडे चुंबक असतात. माझ्या प्रयोगशाळेत तर कपाटभर आहेत, म्हणून त्या कपाटाला हात लावण्याआधी घड्याळ टेबलावर जातं. हेअरस्प्रिंगला चुंबकत्व आलं की तिचे वेढे एकमेकांना चिकटतात, तिची कामाची लांबी कमी होते आणि ठोके भराभर पडतात. ओळखायचं कसं? चुंबकसूची टेबलावर ठेवा आणि चालू घड्याळ तिच्याजवळ न्या. सुई ठोक्यांच्या तालावर थरथरली तर चुंबकच. आठवीची मुलं हे बघायला टेबलाभोवती गर्दी करतात. घड्याळजीकडे विजेवर चालणारी छोटी पेटी असते. तिच्यावर घड्याळ धरायचं, बटण दाबून ठेवायचं, घड्याळ हळूहळू हातभर लांब न्यायचं आणि मगच बटण सोडायचं. आत एसी प्रवाह दिशा बदलत असतो, लांब जाताना त्याचा जोर घटत जातो आणि चुंबकत्व विस्कटतं. अर्ध्या मिनिटाचं काम. यासाठी सर्व्हिसिंगचे पैसे कोणी मागितले तर देऊ नका.

सेलच्या घड्याळाला माझ्या मते जास्त लक्ष लागतं, कारण त्याला काही लागत नाही अशी आपली समजूत असते. सेल संपला की घड्याळ खणात पडतं, आणि संपलेला सेल आत गळतो. सर्किटवर हिरवं-पांढरं फूल येतं, मग ते मशीन बदलण्याशिवाय इलाज राहत नाही. घालायचं नसेल तरी सेल काढून ठेवा. पुष्कळ घड्याळांत सेल संपत आला की सेकंदकाटा दोन किंवा चार सेकंदांची उडी मारू लागतो. तो बिघाड नसून सूचना असते. सेल घालताना बघा: नाव एसआरने सुरू होतं तो सिल्व्हर ऑक्साइडचा, दाब १.५५ व्होल्ट, शेवटपर्यंत जवळजवळ सारखा. एलआर किंवा एजी लिहिलेला अल्कलाइन, स्वस्त आणि लवकर गळणारा. फरक थोड्या रुपयांचा आहे. आणि झाकण उघडलंच आहे तर गॅस्केट बदला म्हणून सांगा. नाक्यावर उभ्या उभ्या सेल बदलून घेतो तेव्हा जुनं, चपटं झालेलं गॅस्केटच परत जातं, कधी कधी तेही बाहेरच राहतं.

ऑइलिंगबद्दल आता सांगते. चावीच्या घड्याळाचं चार-पाच वर्षांनी पूर्ण काम करून घ्यावं. माझी खूण अशी: शनिवारी सकाळी पूर्ण चावी देते आणि पुन्हा देतच नाही. रविवारी रात्रीपर्यंत चाललं तर ठीक. पूर्वी चालायचं आणि आता दुपारीच थांबलं तर तेल सुकलंय. पण पूर्ण काम म्हणजे काय हे घड्याळजीला विचारा. झाकण उघडून सुईने चार थेंब सोडणं म्हणजे ऑइलिंग नव्हे. जुन्या मळात नवं तेल मिसळतं आणि दगडी खलात घोटल्यासारखे आस झिजतात. मशीन पूर्ण सुटं करून, प्रत्येक भाग पेट्रोलमध्ये धुऊन, वाळवून, पुन्हा जुळवताना घड्याळाचंच तेल ठरलेल्या जागी, ठरलेलं तेवढंच द्यायला हवं. शिलाई मशीनचं तेल चालत नाही, ते पसरतं. चाचा कामाला दोन दिवस मागतात. दहा मिनिटांत करून देतो म्हणणाऱ्याला घड्याळ देऊ नका.

मेच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात घड्याळ न्यायचं. चावी ढिली लागते का बघून घ्यायची, काचेची कड तपासायची, गॅस्केट नवं घालायचं आणि त्याला सिलिकॉन ग्रीसचा पुसटसा हात द्यायला सांगायचं. झाकण कोरड्या दुपारी बंद व्हावं, पाऊस लागलेला असताना नाही, म्हणजे आत कोंडली जाणारी हवाही कोरडी असते. जूनमध्ये सगळे एकदम येतात, तेव्हा चाचांना श्वास घ्यायला फुरसत नसते.